गावच्या घराची किल्ली कुणाकडे आहे?

रील्समधली लाकडी कॉटेजेस आपण रोज लाइक करतो. पण गावाला असलेलं स्वतःचं घर वर्षातून किती दिवस उघडतो? पावसाच्या तोंडावर एका कौलारू छपराखाली उभं राहून मांडलेला हा हिशेब.

शनिवारची संध्याकाळ, शिवाजी पार्कचा कट्टा. मैदानातली नेट प्रॅक्टिस संपत आलेली, बाहेरून वॉक घेणाऱ्या आजोबांची तिसरी फेरी चालू. आम्ही चौघी एका मोबाइलवर वाकून बसलेलो. रीलमध्ये तळ्याकाठी लाल रंगाचं एवढंसं लाकडी घर, धुरांड्यातून निघणारा धूर, खिडकीत मांजर, मागे पियानो.

"यार, लाइफमध्ये असं एक कॉटेज पाहिजे," एक जण म्हणाली.

"कर्जतला बघ ना. विकेंड होम, ईएमआयवर," दुसरीचं उत्तर तयार होतं.

मी गप्प होते. कारण त्याच वेळी माझ्या मोबाइलवर फॅमिली ग्रुपचा मेसेज आला होता. काकांनी एका कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आणि कॉम्प्युटरवर काढलेलं घराचं चित्र टाकलं होतं. खाली एकच ओळ: 'गावचं घर पाडून स्लॅबचं करूया. मान्य असेल त्यांनी थम्ब्स अप द्या.' बघता बघता सात अंगठे आले. त्यातल्या चार जणांनी ते घर गेल्या पाच वर्षांत पाहिलंही नव्हतं. खरं सांगायचं तर मीही गणपतीचे दीड दिवस सोडले तर कुठे पाहिलं होतं?

तुमच्याही फॅमिली ग्रुपवर असा मेसेज आला असेल, किंवा येईल. म्हणून हा लेख.

कॉटेज म्हणजे गरिबाचं घर

आधी आपल्या रीलमधलं घर बघूया. 'कॉटेजकोअर' हा ट्रेंड सोशल मीडियावर उसळला तो २०२०च्या लॉकडाऊनमध्ये. सगळं जग चार भिंतींत अडकलं होतं, तेव्हा फुलांचे फ्रॉक, घरी भाजलेला पाव आणि डोंगरातलं घर सगळ्यांना हवंसं वाटलं. पण कॉटेज हा शब्द मुळात अजिबात रोमँटिक नाही. इंग्लंडमध्ये कॉटेज म्हणजे शेतमजुराचं घर. एक-दोन खोल्या, वर गवताचं छप्पर. १५८९ मध्ये तिथे कायदाच झाला होता की नवं कॉटेज बांधायचं तर त्याला किमान चार एकर जमीन जोडलेली हवी. घर आहे पण पोटापुरती जमीन नाही, अशी माणसं वाढू नयेत म्हणून. हा कायदा रद्द झाला १७७५ मध्ये.

त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनं व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात एक अख्खं खोटं खेडं बांधून घेतलं. गवती छपरांची घरं, तळं, गायी, सगळं. तिला कॉटेजकोअरची पहिली इन्फ्लुएन्सर म्हणायला हरकत नाही. गरिबाचं घर श्रीमंताला सुंदर दिसायला लागतं ते असं.

आपला 'बंगला'ही याच वाटेनं गेला. बंगालमधल्या साध्या, बैठ्या, उतरत्या छपराच्या घरावरून इंग्रजांनी तो शब्द उचलला, आणि आज बंगला म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. रीलमधल्या स्वीडिश घराचा तो सुंदर लाल रंगही आला फालुन गावच्या तांब्याच्या खाणीतून. खाणीच्या टाकाऊ मातीपासून बनणारा हा रंग स्वस्त होता आणि लाकूड टिकवत होता, म्हणून शेतकऱ्यांनी तो लावला. फिल्टर म्हणून नाही!

सहा गुंठ्यांचं सुख

रशियात अशा छोट्या घराला 'दाचा' म्हणतात. 'देणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला शब्द, कारण सुरुवातीला झार आपल्या मर्जीतल्या लोकांना जमीन द्यायचा. पुढे सोव्हिएत काळात कारखाने आणि कार्यालयांमार्फत कामगारांना शहराबाहेर सहाशे चौरस मीटरचे तुकडे मिळाले. आपल्या भाषेत साधारण सहा गुंठे. घर किती मोठं बांधायचं यावरही बंधनं होती. लोकांनी तिथे बटाटे, काकड्या, बेरी लावल्या. १९९०च्या दशकात सोव्हिएत संघ कोसळून दुकानांतल्या वस्तू परवडेनाशा झाल्या, तेव्हा या सहा गुंठ्यांतल्या बटाट्यांनी कित्येक घरं जगवली.

दाचाची दुसरी बाजूही आहे. चेखवचं 'चेरीची बाग' हे नाटक १९०४ मध्ये रंगमंचावर आलं. त्यात कर्जात बुडालेल्या जमीनदार कुटुंबाला एक व्यापारी सल्ला देतो: बाग तोडा, जमिनीचे प्लॉट पाडा आणि दाचांसाठी द्या. आता मुंबई-गोवा हायवेवरून जाताना दोन्ही बाजूंचे बोर्ड आठवा. 'सी व्ह्यू एनए प्लॉट', 'आंब्याच्या बागेत तुमचं सेकंड होम'. नाटक जुनं होतच नाही.

फिनलंडमध्ये या घराला 'म्योक्की' म्हणतात. देशाची लोकसंख्या जेमतेम ५५-५६ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. आणि अशी उन्हाळी घरं आहेत पाच लाखांहून जास्त. अनेक ठिकाणी पाणी विहिरीतून किंवा तळ्यातून आणायचं, लाकडं स्वतः फोडायची, सौना तापवायचा. शहरात घरी सगळ्या सुखसोयी असलेली माणसं मुद्दाम तिथे जाऊन कामं करतात. मोठं काम निघालं तर शेजारीपाजारी एकत्र येऊन ते उरकतात आणि घरमालक सगळ्यांना जेवू घालतो. याला तिथे 'तालकोत' म्हणतात. आपल्याकडे घाटावरच्या शेतात इर्जिक घालतात, अगदी तसंच.

खोली मुंबईला, घर गावाला

आता आपल्याकडे या. मुंबईतच कॉटेज बघायचं असेल तर गिरगावातल्या खोताच्या वाडीत एक चक्कर मारा. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलं. एके काळी तिथे अशी ६५ घरं होती. आज निम्मीही उरलेली नाहीत. पण दादर, लालबाग, परळमधल्या बहुतेकांचं 'कॉटेज' या शहरात कधी नव्हतंच. ते होतं चारशे-पाचशे किलोमीटरवर, रत्नागिरी-सिंधुदुर्गात. किंवा घाटावर, सातारा-कोल्हापूर भागात.

आणि इथे एक गंमत आहे. फिनलंडच्या माणसाचं शहरातलं घर मोठं आणि गावाकडचं छोटं. आपल्या आजोबांचं नेमकं उलटं होतं. हेन्री डेव्हिड थोरो नावाचा अमेरिकन लेखक १८४५ मध्ये साधं आयुष्य जगून बघायला वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. त्यानं स्वतः बांधलेली झोपडी १० फूट बाय १५ फूट, म्हणजे दीडशे चौरस फुटांची होती. खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. साधेपणाचा नमुना म्हणून जग आजही त्या झोपडीचं नाव घेतं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली खोली होती १६० चौरस फुटांची. थोरो दीडशे फुटांत एकटा राहिला, दोन वर्षं. आपल्याकडे त्यापेक्षा दहा फूट जास्त जागेत अख्खी कुटुंबं राहिली, तीन पिढ्या. त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहायला आलं नाही म्हणून काय झालं!

त्या पिढीचे शब्द नीट ऐका. आमची आजी अजूनही मुंबईच्या जागेला 'खोली' म्हणते. आजोबा गिरणीत होते, परळला चाळीत राहायचे. आता आम्ही पार्कपासून चालत दहा मिनिटांवर फ्लॅटमध्ये राहतो, पण आजी फोनवर सांगते, "मी खोलीवरच आसंय." आणि 'घर' म्हणाली की समजायचं कुडाळकडचं. मुंबईत असायची ती खोली, बिऱ्हाड किंवा जागा. घर गावाला. नोकरी इथे, गणपती तिथे.

त्या घरानं आपलं काम केलंही. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि मिटलाच नाही. पगार थांबले, तेव्हा हजारो कामगार बायकामुलांना घेऊन गावी परतले. निदान तिथे डोक्यावर छप्पर आणि भाताचं शेत होतं. आमचे आजोबा दोन पावसाळे तिथेच राहिले. बाबा पाचवी-सहावी तिथल्या शाळेत शिकले. रशियन माणसाला दाचानं दिलं तेच आपल्याला या घरानं दिलं, दहा वर्षं आधी. २०२० मध्येही लोक चालत, टेम्पोत, मिळेल त्या गाडीनं तिकडेच गेले.

मग शब्द कधी बदलले? बाबांच्या पिढीत मुंबईचा फ्लॅट 'घर' झाला आणि गावचं घर फक्त 'गाव' उरलं. माझ्या पिढीत ते 'प्रॉपर्टी' झालंय. दादर परिसरात वाढलेल्या आपल्याला रीडेव्हलपमेंटची भाषा पाठ असते. ५१ टक्के संमती, कार्पेट एरिया, कॉर्पस फंड. त्याच भाषेत आपण गावच्या घराकडेही बघतो. ग्रुपवरचे ते सात अंगठे मला तसेच वाटले, संमतीपत्रावरच्या सह्यांसारखे.

मी ग्रुपवर लिहिलं, 'मेमध्ये मी जाऊन बघते. तोपर्यंत थांबूया का?' काकांनी हात जोडलेला इमोजी टाकला. त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

छपराखाली

मेच्या मधल्या आठवड्यात रात्री बाराच्या सुमारास दादरहून सुटणारी तुतारी पकडली. मी, बाबा, आजी आणि डोंबिवलीचा चुलतभाऊ. सकाळी कुडाळला उतरून रिक्षानं घरी.

कुलूप उघडायला वीस मिनिटं लागली. किल्ली शेजारच्या काकूंकडे होती, पण गंजलेल्या कुलपात ती फिरेना. दार उघडल्यावर पहिला आला तो वास. ओल आणि वटवाघळं. ओटीवर पानांचा खच, माजघरात वाळवीचं वारूळ, कोपऱ्यातल्या मातीच्या भिंतीवर वरून खालपर्यंत काळा ओघळ. तो ओघळ जिथून सुरू होत होता तिथे छपरात एक कौल फुटलं होतं. फक्त एक. त्यातून आलेला उन्हाचा कवडसा जमिनीवर पडला होता, आणि तो दिसायला इतका सुंदर होता की चुलतभावानं फोटो काढला. आजी ओरडली, "फोटो कसलो काढतंस, तेच्यातसूनच घर जाताला!"

तिनं दोन वाक्यांत जे सांगितलं ते असं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कौलारू छपराची दरवर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागते. कौलं उतरवायची, खाली साचलेला पाचोळा झाडायचा, फुटकी बाजूला काढायची, वासे आणि रिपा ठोकून बघायच्या आणि खालच्या कडेपासून वर आढ्यापर्यंत कौलं परत एकात एक अडकवत न्यायची. हे राहिलं की फांदी पडून किंवा माकडांच्या उड्यांनी फुटलेल्या एका कौलातून पाणी शिरतं. वासा कुजतो, मातीची भिंत पाणी पिते, ओलीला वाळवी येते. दोन-तीन पावसाळ्यांत आढं वाकतं. मग लोक म्हणतात, घर जुनं झालं. खरं तर ते जुनं झालेलं नसतं, त्याला कुणी बघितलेलं नसतं.

"आणि चूल?" मी विचारलं. पूर्वी रोज चूल पेटायची, तिचा धूर वाशांपर्यंत जायचा. लाकूड काळं पडायचं, पण किडा लागायचा नाही. आजी म्हणाली, "घराक कुलूप नको गो, माणूस लागता."

हेच मी जपानबद्दल वाचलं होतं. शिराकावा-गो नावाच्या डोंगराळ गावात हात जोडल्यासारखी उंच गवती छपरांची घरं आहेत. १९९५ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. घराच्या मध्यभागी जमिनीतच शेगडी असते, तिला 'इरोरी' म्हणतात. तिच्या धुरानं छपराचं गवत आणि बांधलेले दोर टिकतात. छप्पर बदलायची वेळ आली की सगळं गाव जमतं. त्या पद्धतीचं नाव 'युई'. म्हणजे फिनलंडचा तालकोत, जपानची युई, कोकणातली वाडीची शाकारणी. भाषा तीन, पण घर टिकवायची रीत एकच: माणूस राहायला आणि शेजारी मदतीला.

पण त्याच जपानमध्ये २०२३च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली. त्यांना 'आकिया' म्हणतात. मुलं शहरात, म्हातारे गेले, वारस अनेक आणि नावावर कुणीच नाही. शेवटी एप्रिल २०२४ पासून वारसानं तीन वर्षांच्या आत मालमत्तेची नोंद करणं तिथे सक्तीचं झालं. हे वाचताना मला आमचा सातबारा आठवला. त्यावर तेवीस नावं आहेत. त्यातली सहा माणसं हयात नाहीत, आणि आत्याचं नाव नाहीच. ते का नाही, असं विचारल्यावर बाबा बराच वेळ विहिरीकडे बघत राहिले.

एकशे चाळीस कौलं

गावात कौलं परतणारे आता दोघेच उरलेत. त्यातल्या एकाचा गुडघा दुखतो. ते वर चढले, मी आणि चुलतभाऊ शिडीवरून कौलं खाली-वर देत राहिलो. शेजारचे दोन काका न बोलावता आले. पहिल्या तासात माझ्या हाताला फोड आले. दुसऱ्या तासात समजलं की प्रत्येक कौलाच्या खालच्या बाजूला अक्षरं उमटवलेली आहेत, मंगळुरूच्या कारखान्याचं नाव. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरूला कौलांचा पहिला कारखाना काढला, आणि तिथून ही एकात एक अडकणारी कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी असायची कुंभारानं केलेली नळ्याची कौलं किंवा नुसतं गवत. म्हणजे आपण ज्याला 'अस्सल पारंपरिक कोकणी घर' म्हणतो त्याचं छप्पर एका युरोपियन मिशनच्या फॅक्टरीतून सुरू झालेलं. परंपरासुद्धा कधीतरी नवीनच असते. त्यामुळे 'स्लॅब म्हणजे पाप' असं मी आता छातीठोकपणे म्हणणार नाही.

संध्याकाळपर्यंत मोजली तेव्हा एकशे चाळीसच्या आसपास कौलं फुटलेली निघाली आणि तीन वासे बदलावे लागले. बाकी घर, म्हणजे जांभ्याचा चौथरा, फणसाचे खांब, वरचं आढं, ठणठणीत होतं. काकांच्या मेसेजमध्ये मात्र लिहिलेलं होतं, 'घर मोडकळीला आलंय.'

स्लॅबवाल्यांचंही ऐका

काकांना व्हिलन करणं सोपं आहे, पण त्यांची बाजूही खरी आहे. ते गेली वीस वर्षं एकटे शाकारणीचे पैसे पाठवत होते. दोन वर्षं त्यांना बरं नव्हतं, ते पाठवायचे थांबले आणि आम्हा बाकीच्यांच्या लक्षातही आलं नाही. २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानं रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या घरांची कौलं उडवली, पुढच्या वर्षी तौक्तेनं सिंधुदुर्ग झोडपला. सत्तरीतल्या माणसानं दर मेमध्ये शिडीवर कसं चढायचं? त्यांना एकदाच खर्च करून कटकट संपवायची होती.

ती संपते का, हा वेगळा प्रश्न. आमच्याच वाडीत बघितलं. पंधरा वर्षांपूर्वी स्लॅब टाकलेल्या तीन घरांवर आज पत्र्याची शेड आहे, कारण स्लॅब गळायला लागला. शिवाय दुपारी आत बसवत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते, स्लॅबखाली ती अडकते. कौल फुटलं तर एक बदलता येतं. स्लॅब गळला तर नेमका कुठून, हे शोधण्यातच पावसाळा जातो.

आजीनं आणखी एक गोष्ट ऐकवली, मला जरा लागलीच. मी म्हटलं, "आजी, जमीन शेणानं सारवलेलीच ठेवूया ना, किती छान वाटते." ती म्हणाली, "सारवूक मी होतंय, बघूक तुम्ही होतास." दर आठवड्याला सारवण, रोज विहिरीचं पाणी, चुलीचा धूर डोळ्यांत, रात्री पावसात बाहेर जायचं. रीलमध्ये धूर धुरांड्यातून बाहेर जातो, आजीच्या डोळ्यांत गेलेला दिसत नाही. कॉटेज सुंदर दिसतं ते बहुतेक वेळा तिथे न राबणाऱ्याला. तिनं स्वतः काय मागितलं? घराला लागून संडास-बाथरूम, गॅस आणि पायरीला कठडा. कौलांबद्दल ती म्हणाली, "ती ऱ्हवांदे."

मग ठरलं काय?

फिल्मी शेवट नाही, आधीच सांगते. तिसऱ्या दिवशी ओटीवरून ग्रुप कॉल केला. नेटवर्क फक्त तुळशीपाशी येतं, त्यामुळे आम्ही चौघं वृंदावनाभोवती उभे. मी फुटक्या कौलांचे, बदललेल्या वाशांचे आणि जे शाबूत आहे त्याचेही फोटो टाकले. दीड तास वाद झाला. जुन्या गोष्टी निघाल्या, कुणी किती दिलं, कुणी कधी आलं नाही. एका काकूंनी कॉल मध्येच ठेवला.

शेवटी इतकं ठरलं की या वर्षी घर पाडायचं नाही. मागच्या बाजूला बाथरूम बांधायचं, त्याला छोटा स्लॅब. मूळ घरावर कौलंच. शाकारणीचा खर्च तिन्ही शाखांनी वाटून घ्यायचा, आणि दर मेमध्ये कुणीतरी एक जण प्रत्यक्ष हजर राहायचं. पुढच्या वर्षीची पाळी चुलतभावाची. वारस नोंदीचा अर्ज बाबा करणार, आत्याच्या नावासकट. २००५च्या कायद्यानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिलाय, हे मी कॉलवर वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. आत्या नंतर वेगळा फोन करून म्हणाली, "माका जमीन नको गो. पण गणपतीक येतंय तेव्हा पाहुणी म्हणान येवचा लागता, ता नको." काकांनी अजून स्लॅबचं कोटेशन डिलीट केलेलं नाही. दोन वर्षांनी काय होईल, सांगता येत नाही.

निघायच्या दिवशी पहाटे मोठी सर आली, वळवाची. आम्ही सगळे अंथरुणातून छताकडे बघत पडलो. कौलांवर पाऊस वाजत होता. भिंतीवरचा काळा ओघळ तसाच होता, पण कोरडा.

परवा पुन्हा कट्ट्यावर गेले. मैत्रिणींना फोटो दाखवले. ज्या मैत्रिणीला कॉटेज हवं होतं, ती बराच वेळ झूम करून बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, आमचं पण आहे संगमेश्वरला. मी चौथीत असताना गेले होते." थोड्या वेळानं तिनं आईला फोन लावला. पहिला प्रश्न ऐकू आला तो असा, "आई, गावच्या घराची किल्ली कुणाकडे असते?"

तुमच्या घराची कुणाकडे आहे?

गावी जाताय? एवढं करून या

• छप्पर आतून बघा. भर दुपारी दारं-खिडक्या बंद करून वर बघा. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येणार. त्या जागांचे फोटो काढून ग्रुपवर टाका.

• दोन उतारे काढा. जमिनीसाठी सातबारा आणि घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८. सातबारा ऑनलाइनही बघता येतो. नावं कुणाची आहेत, कुणाची राहिली आहेत, हे घरच्या मोठ्यांसोबत बसून वाचा. वारस नोंदीसाठी गावच्या तलाठ्याकडे चौकशी करा.

• कौलं परतणारा माणूस शोधा आणि त्याचा नंबर ग्रुपवर पिन करा. एप्रिलमध्येच सांगून ठेवा. मेअखेर सगळ्यांची धावपळ एकदम असते.

• किल्लीवाल्या शेजाऱ्यांना विसरू नका. महिन्यातून एकदा दार उघडून हवा खेळवायला सांगा. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि त्यांच्या छपरावर काम निघालं तर शिडी धरायला तुम्हीही जा.

• आजीला विचारा. घराला काय हवंय, हे तिथे सगळ्यात जास्त राबलेल्या बाईला माहीत असतं. आधी तिची यादी, मग कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन.